वादळाचा एकमेव बळी

४ जून, भोर

"मॅडम, एखादा मृत्यू आहे का?" — सार्थकचा पुन्हा फोन. जणू मी भाजीच्या गाडीपाशी उभी आहे आणि तो घरून विचारतो आहे, कोथिंबीर आहे का.

सार्थक आमच्या दैनिकाच्या डिजिटल विभागाचा प्रमुख. वयाने माझ्या निम्मा, अधिकाराने हल्ली माझ्या बरोबरीचा. मृत्यू नाही म्हटल्यावर त्याचा आवाज उतरला. मग पान सात, म्हणाला. खालचा कोपरा.

लॉजवर वीज नाही. खालच्या हॉटेलात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू आहे, आणि त्यावर अजून समुद्रच! वाहिनीचा प्रतिनिधी रेनकोट घालून, खांबाला मिठी मारून ओरडतो आहे. त्याच्या मागून एक गृहस्थ सायकलवरून संथपणे चालले आहेत, हँडलला दुधाची किटली. दृश्य कालचे. कोपऱ्यात शब्द मात्र 'थेट'.

वादळ किनाऱ्यावर संपते अशी या लोकांची ठाम समजूत आहे. ते घाट चढले, वेल्ह्यात शिरले, भोरवर उतरले, घरांचे पत्रे उचलून ओढ्यापलीकडे टाकून गेले — याची खबर कोणाला नाही, कारण सगळे कॅमेरे समुद्राकडे तोंड करून उभे होते. वृत्तपत्रे वादळानंतरचा आठवडा कशी विसरतात, यावर मी प्रबंध लिहिला आहे. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वाचलेला कोणी अद्याप भेटलेला नाही. आता त्या विसरलेल्या आठवड्यात मलाच पाठवण्यात आले आहे. माझ्या अधिकारामुळे नव्हे. बाकी सगळे अलिबागला गेले म्हणून.

थकले आहे. उशीला ओलसर वास.

५ जून, भोर

सकाळी उत्रोली. इथला आमचा वार्ताहर सोमनाथ बरोबर होता. तो स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात बातम्या देतो. त्याच्या मजकुरात प्रत्येक सत्कारमूर्ती 'धडाडीचा' असतो आणि प्रत्येक रस्ता 'मृत्यूचा सापळा'. मी त्याला पूर्वी दोनदा लेखी ताकीद दिलेली आहे. तो मला त्या अजून पाठ म्हणून दाखवतो. मोटारसायकल मात्र चांगली चालवतो. पडलेल्या झाडांखालून जाताना मी डोळे मिटले, त्याने नाही.

एका घराची मागची भिंत पूर्ण बसली आहे. छायाचित्र काढू का विचारले, तर घरधनीण आत गेली, केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून भिंतीपुढे येऊन उभी राहिली. चौकटीत नुकसान दिसेना, साडीच दिसू लागली. सोमनाथ म्हणाला, मावशी, जरा दुःखी दिसा की. ती म्हणाली, "आरं, पेपरात पावनं बघत्यात. दुःखी कशाला दिसू?"

मला हे उत्तर आवडले. माझ्या प्रबंधात यावर एकही वाक्य नाही.

बाकी सर्वत्र तेच. छपरे, खांब, कोंबड्यांची शेड. तुमी टीव्हीवाल्या का, असे विचारतात. नाही म्हटले की चेहऱ्यावर जे उमटते त्याला मी आता सरावले आहे.

संध्याकाळी मृत्यू आला.

सोमनाथने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा गटावर एका वृद्धाचे छायाचित्र, त्याला संगणकावर काढलेला झेंडूचा हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली — वादळाने घात केला'. सावळाराम. गुंजवण्याच्या वर डोंगरावर धनगरांची चार घरे आहेत, तिथले. शेळ्या, थोडी गुरे. सोमनाथ तिथल्या तिथे उभा राहून बातमी टाइप करू लागला. मी त्याच्या हातून मोबाईल काढून घेतला.

आमच्या कार्यालयात भिंतीवर एक नियम लावलेला आहे आणि तो माझा आहे: मृत्यूची बातमी, रक्ताच्या नात्यातील दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे दुजोरा दिल्याखेरीज छापायची नाही. डोंगरावर रेंज नाही, वाट झाडांनी बंद. म्हणून नातेवाइकांचे क्रमांक मिळवले. किकवीला त्यांची सख्खी बहीण बाळाबाई. ती रडत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "भावाचं त्वांड बी बघाया मिळालं न्हाई. वाटा बंद हायेत म्हनून वयनी नगं म्हनली." उत्रोलीचा पुतण्या कुंडलिक, तोच हाराचे छायाचित्र टाकणारा. तोही रडत होता. दोघांनाही सावळारामांची पत्नी सगुणाबाई हिने डोंगराच्या कडेला जाऊन, रेंज पकडून कळवले होते. सरकारी कचेरीतून उत्तर आले, माहिती घेत आहोत.

बातमी पाठवली. एकही विशेषण नाही. किनाऱ्यावरच्या गोंगाटात डोंगरावरचे एक मरण कसे हरवते, याविषयी शेवटी दोन वाक्ये. चांगली उतरली आहेत, हे मी इथे लिहायला हरकत नाही.

सार्थक म्हणाला, "पहिलं पान, मॅडम! किनाऱ्यावर एकही नाही. हा एकमेव बळी आहे."

त्याच्या आवाजातला आनंद मला ऐकू आला. माझ्यातला मी ऐकला नाही.

६ जून, भोर

आज जे झाले ते क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर हसू येईल, आणि हसण्यासारखे काही नाही.

पहिल्या पानावर बातमी. गुंजवण्यापर्यंतचा रस्ता मोकळा झाला होता — बातमीमुळेच, असे सोमनाथ अभिमानाने सांगत होता. धरणाच्या कडेने गेलो, गावात गाडी ठेवली आणि चढू लागलो. मृताच्या घरी जाऊन पुढची बातमी करायची होती. माझे गुडघे अशा चढासाठी राहिलेले नाहीत. वाटेत विजेच्या खात्याची माणसे खांब वर नेताना दिसली. तेही बातमीमुळे.

वर पोहोचलो तर एका घराच्या छपरावर एक वृद्ध गृहस्थ पत्र्यांवर दगड ठेवत होते. डोक्याला मुंडासे, अंगात बंडी. मी खालून विचारले, सावळारामांचे घर कोणते?

"हेच की."

"आपण त्यांचे कोण?"

त्यांनी हातातला दगड नीट बसवला, हलत नाही ना ते पाहिले, मग म्हणाले, "म्याच सावळाराम. तुमी कुनीकडच्या?"

सोमनाथ जागच्या जागी दगडावर बसला. मी उभी राहिले, ते केवळ बसायला दुसरा दगड नव्हता म्हणून.

उलगडा सगुणाबाईने केला. उंच, सडपातळ बाई, बोलताना हात चालूच — पाटी उचल, शेळीला हाक, चूल सार. वादळ ओसरत असताना मालकांच्या डोक्यावर कावळा बसला. कावळा शिवणे म्हणजे मरण घिरट्या घालते आहे. त्यावर उपाय एकच: माणूस गेला अशी खोटी बातमी नातलगांना पाठवायची. ते खरोखर रडले की मरण रडून फिटले. मग दुसऱ्या दिवशी सांगायचे, बाबांनो, माणूस आहे. सगळे आंघोळ करतात, गोड खातात, शिव्या देतात, संपले.

हा प्रकार मला ठाऊक नव्हता असे नाही. लहानपणी ऐकलेला होता, पुढे पुस्तकातही वाचला. तो मोबाईलवरून होत असेल, असे मात्र डोक्यात आले नाही. आणि माझा नियम! रक्ताचे नाते हवे, दोन व्यक्ती हव्यात, त्या स्वतंत्र हव्यात. हा उपाय करणारे नेमके रक्ताच्याच माणसांना फसवतात. परक्याच्या रडण्याला किंमत नाही. जी माणसे सर्वांत खात्रीची, तीच सर्वांत आधी आणि मनापासून फसलेली. मी माझ्या हाताने भिंतीवर टांगलेल्या नियमातून हे मरण सहज चालत आत आले.

सावळाराम खाली उतरले. सोमनाथने दगडावरून उठून त्यांना अंक वाचून दाखवला. म्हाताऱ्याने मान खाली घालून, गुडघ्याला मिठी घालून, सगळी बातमी ऐकली. शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचायला लावली.

"लई चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "जित्त्या मानसाबद्दल कोन लिवतंय आसं. वय तेवढं चुकलं."

वय कुंडलिकने सांगितले होते. वय चुकले, हे मला त्या क्षणी मरण चुकल्याहून अधिक लागले. माझे हे असेच आहे.

मी सांगितले, दुरुस्ती उद्याच्या अंकात येईल. सावळारामांना त्याचे काही वाटले नाही. सगुणाबाईचे हात मात्र थांबले. तिने मला दूध घ्यायला म्हणून शेळ्यांच्या आडोशाला नेले आणि तिथे हलक्या आवाजात खरे सांगितले.

त्यांना एकच मुलगा. इंद्रजित. पनवेलला असतो, टेम्पो चालवतो. मागे भैरवनाथाच्या जत्रेत बापलेकांचे वाजले. मुलाचे म्हणणे, डोंगर सोडा, खाली माझ्याकडे या. बापाचे म्हणणे, शेळ्या काय खोलीत बांधू? शब्द वाढत गेला आणि बाप चारचौघांत म्हणाला, आता माझ्या मयतालाच ये. मुलगा म्हणाला, मयतालाच येईन. तेव्हापासून त्याचे पाऊल इकडे पडलेले नाही. तिकडे नात झाली, शिवानी नाव ठेवले, चालू लागली. आजोबाने तिला पाहिलेले नाही.

"दोगंबी एका वळनाचं," ती म्हणाली. "शब्द म्हंजी शब्द. मंग म्या म्हनलं, मयतालाच येनार तर मयत करू."

मी विचारले, म्हणजे कावळा शिवलाच नाही?

"त्या दिशी कावळं उडत न्हवतं, बाई. वाऱ्यानं फेकलं जात व्हतं. कुनाला शिवला न्हाई ते सांगा."

यातले सावळारामांना काही ठाऊक नाही. त्यांना कावळ्यापुरतेच ठाऊक. इंद्रजित माल घेऊन गुजरातेत होता. बाळाबाईने त्याला फोनवर कळवले, त्याने बातमी मोबाईलवर वाचली आणि तो निघाला आहे. आधी पनवेलला जाऊन बायकोला, मुलीला घेणार, मग किकवीहून आत्याला, आणि परवा सकाळी वर येणार.

"तवर मालकास्नी मेल्यालं ऱ्हाऊ द्या. येकदा उंबऱ्याच्या आत आला की पुढचं म्या बघते. दोन दिस. तुमी छापल्यालं तुमीच लगीच खोडू नगा."

मी तिला सांगितले, वृत्तपत्र कोणाला जाणूनबुजून मेलेले ठेवू शकत नाही. चूक कळल्यानंतर ती एक दिवसही चालू ठेवणे म्हणजे चूक नव्हे, खोटेपणा. इतक्या वर्षांत माझ्या नावावर दुरुस्ती आलेली नाही. आता येणारच असेल तर ती उशिरा येणार नाही. मी हे शांतपणे आणि मुद्देसूद सांगितले.

तिने ऐकून घेतले. "बरं," म्हणाली, आणि दूध गाळायला लागली.

रागावली असती तर मला सोपे गेले असते.

७ जून, भोर

दुरुस्ती छापून आली. साधी, सरळ, क्षमायाचनेसह; कुटुंबाची कुचेष्टा होईल असा एकही शब्द नाही. कावळ्याचा उल्लेख मी जाणीवपूर्वक टाळला. 'गैरसमजातून' एवढेच म्हटले.

सार्थकने मात्र कालच संध्याकाळी सोमनाथला फोन करून सगळे वदवून घेतले होते. डिजिटलवर मथळा: 'कावळा शिवला अन् "मेलेले" आजोबा छपरावर!' खाली कावळ्याचे चित्र, हसणारा चेहरा. मी त्याला फोन केला. म्हणाला, मॅडम, वादळाच्या सगळ्या बातम्या मिळून जेवढे वाचक आले नाहीत तेवढे या एकट्या बातमीला आलेत.

दुपारपासून वाहिन्या डोंगर चढत आहेत. या! ज्या वस्तीची छपरे उडाली तेव्हा कोणाला पत्ता नव्हता, तिथे आज छत्र्या घेऊन रांग लागली आहे. मी गेले नाही. हॉटेलातल्या टीव्हीवर पाहिले. सावळारामांना पुन्हा छपरावर चढवले. तोच दगड पुन्हा ठेवायला लावला, कारण पहिल्यांदा उजेड बरोबर नव्हता. एकाने भाकरीचा तुकडा टाकून कावळा मिळवला. कॅमेऱ्यात तो एकटा कावळा बराच वेळ भाकरी खात होता आणि प्रतिनिधी त्याच्याविषयी बोलत होता.

सावळाराम मात्र या सगळ्यांना पुरून उरले. मेल्यावर कसे वाटले, असे एका मुलीने विचारले. ते म्हणाले, "बरं वाटलं. लाईटचा खांब आला."

हॉटेलात सगळे हसले. मीही.

सगुणाबाई एकदाच दिसली. कुणीतरी तिला विचारले, तुम्ही खोटे रडलात तरी कसे, जरा दाखवा. ती म्हणाली, मी रडलेच नाही, दुसऱ्यांना रडवलं. आणि चौकटीतून बाहेर गेली.

तिकडे टेम्पोत बसलेला माणूस हे पाहत असेल का, हा विचार मी आज अनेकदा केला. अनेकदा बाजूला सारला.

८ जून, भोर

किकवीला गेले. कामानिमित्त नव्हे. कशासाठी, ते लिहीत नाही.

बाळाबाईचे घर हमरस्त्यापासून थोडे आत. म्हातारी दारातच बसली होती. मी नाव सांगताच वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुमीच व्हय त्या. बसा. चहा मिळंल, मान मिळायचा न्हाई."

खोटी बातमी पाठवल्याचा तिला भावजयीवर राग नाही. तिने स्वतः सासूसाठी हेच केले होते. सासू पुढे पुष्कळ जगली आणि तिला छळत राहिली, असे तिने मध्येच सांगितले. तिचा राग माझ्यावर आहे.

काल टीव्हीवर भाऊ दिसला तेव्हाच तिला कळले होते. पाठोपाठ सगुणाबाईने फोनवर सगळा बेत सांगितला: इंद्रजितला सांगू नका. म्हणून आज सकाळी तो बायको-मुलीला घेऊन आला तेव्हा बाळाबाई गळ्यात पडून दुसऱ्यांदा रडली. हे दुसरे रडणे खोटे. पण पहिल्यापेक्षा चांगले झाले, असे ती म्हणते. तो वाटेतच नाभिकाकडे थांबून डोके करून आला होता. पोरगी त्याच्या टकलावर हात फिरवून हसत होती. चहा झाला की निघायचे, असे ठरले. बाळाबाई पिशवी भरायला आत गेली, आणि तेवढ्यात पनवेलच्या कुणा मित्राने त्याच्या मोबाईलवर ती चित्रफीत पाठवली. सोबत लिहिले होते, तुझा बाप तर हिरो झाला.

त्याने ती पाहिली. म्हातारी बाहेर आली तोवर 'लाईटचा खांब आला' हे वाक्य चालू होते.

"हसला का?" मी विचारले.

"हसंल कशाला? तवा रडला. आदी रडला नव्हता, बाप मेला म्हनून. बाप हाय म्हनून रडला, आन् उठला."

बायकोने हात धरला. आत्याने पाय धरायचे बाकी ठेवले. एवढा आलास, आता डोंगर काय लांब आहे! तो एकच म्हणाला, मयताला येईन असं बोललो होतो. मयत नाही तर कसा जाऊ. आणि मला फसवून आणलं. टेम्पो वळवून गेला.

बाळाबाईने कप माझ्यापुढे सरकवला. "दोन दिस दम निघाला न्हाई का वं तुमास्नी? मेल्याल्या मानसाला घाई न्हवती. तुमास्नीच कसली?"

मी तिला दुरुस्तीचे तत्त्व समजावून सांगितले नाही. चहा प्यायले. चहा चांगला होता.

९ जून, भोर

दुरुस्ती पुन्हा वाचली. निर्दोष आहे.

१० जून, भोर

कार्यालयातून निरोप: परत या. वादळ संपले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने. इथे अजून अर्ध्या घरांवर ताडपत्री आहे, आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर सायकली, पाटे, मोडकी खाट, जे हाताला लागेल ते ठेवलेले आहे. मी शेवटची बातमी पाठवली — भाताच्या पेरणीच्या तोंडावर बियाणे भिजले, त्याविषयी. चांगली बातमी आहे. लागणार नाही.

वाहिन्यांच्या गाड्या उतरून गेल्या. एक प्रतिनिधी जाताना सावळारामांचा पटका आठवण म्हणून मागत होता, असे सोमनाथ सांगतो. त्यांनी दिला नाही.

सोमनाथने दुसरेही सांगितले. काल बाळाबाई, गुडघे धरत, वर डोंगरावर जाऊन आली. भावाला सगळे सांगितले: मुलगा आला होता, किकवीपर्यंत आला होता, डोके करून आला होता, पोरीला घेऊन आला होता, आणि गेला. सगुणाबाईने कावळ्याचे निमित्त का केले तेही. सावळाराम तेव्हापासून जेवलेले नाहीत. बायकोशी बोलत नाहीत. शेळ्यांच्यात जाऊन बसले आहेत. सगुणाबाई म्हणते, या उपायाने काही झाले नाही. आता खरेच काहीतरी होईल.

दुपारी मी इंद्रजितला फोन केला. क्रमांक बाळाबाईने दिला होता, मी न मागता. काय बोलायचे ते कागदावर मांडून घेतले होते. त्यातले काहीच बोलले नाही.

मी कोण ते त्याला सांगितले. मागे रस्त्याचा आवाज होता. मग म्हणाला, "तुमी आदी चुकीचं छापलं, मंग खरं छापलं. माझी तक्रार न्हाई, म्याडम."

मी म्हटले, तुमचे वडील जेवत नाहीत.

"जेवतील. ते हट्टी हायेत."

"तुम्ही?"

"म्या बी." मग म्हणाला: "त्यांनी चारचौघांत म्हनलं व्हतं. म्याबी चारचौघांत म्हनलं. आता एकदा बोलल्यावर..." मालाची पावती मागणारा कुणीतरी त्याला हाक मारत होता.

मी म्हटले, शब्द परत घेता येतो. हे मी म्हटले! तो नम्रपणे हो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हा माणूस मला पूर्ण समजला. एखादा माणूस इतका चटकन, इतका तळापासून मला क्वचितच समजतो. त्याने मला बरे वाटले नाही.

मी त्याला दोन दिवस दिले असते तर तो उंबऱ्याच्या आत गेला असता. तिथे बापाला छपरावर पाहून तो याच शब्दांत परतला असता, की नातीने आजोबाचे मुंडासे ओढले असते आणि सगळे तिथेच संपले असते? खात्री करण्याचा मार्ग नाही. दोन स्वतंत्र व्यक्तींकडून तर नाहीच. मी नियम पाळला आणि तो नियम बरोबर आहे. आजही मी तेच करीन — असे लिहायला हात उचलला होता.

सामान बांधायचे आहे. उद्या पुणे.

१२ जून, पुणे

सकाळी सोमनाथचा फोन. पहाटेच्या एस्टीने सावळाराम खाली आले. नसरापूरला, तो कामाने गेला होता तिथे, त्याला स्टँडवर भेटले: धुतलेले धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी, हातात दुधाची चरवी, तोंडाला फडके बांधलेली. आयुष्यात पुण्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. पनवेलची गाडी कुठे लागते ते विचारत होते.

त्याने विचारले, बाबा, मुलाकडं? तो तर येणार नाही म्हणाला.

"त्येचा शब्द कशाला मोडायचा," ते म्हणाले. "त्यो मयताला येनार व्हता. मयतच घिऊन चाललोय त्येच्या दारात. मेल्याल्या मानसाला कसला आलाय मान?"

सोमनाथने त्यांना गाडीत बसवून दिले. मला म्हणाला, छायाचित्र काढलं आहे. बातमी करू का? लई चालंल, म्याडम.

नको, मी म्हणाले.

एव्हाना ते पोहोचले असतील. इंद्रजितचा क्रमांक माझ्याकडे आहे. फोन करून खात्री करता येईल.

केला नाही.